राणीसाहेबांचं उत्तर

९ ऑगस्ट

आजही नाही. गवई दिवेलागणीपासून गात होता आणि राणीसाहेब पानाच्या टोकाला बसून मिशा पुसत होत्या. ऐकून न ऐकल्यासारखं.

ही नावं आईनं ठेवलेली. मी नर आणि मादी म्हणते, पण दार उघडं असताना मोठ्यानं म्हटलं की आई डोळे वटारते — "शेजारी म्हणतील, एवढं शिकून पोरगी हेच शिकली." दोघंही नाकतोडेच, पण गवतात उड्या मारणारे नव्हेत, झुडपातले. पानासारखे हिरवे, मिशा अंगाहून लांब. लॅबमधल्या जुन्या एसीची घरघर प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये येते, म्हणून मॅडमनी त्यांना माझ्याबरोबर घरी धाडलं. जाळीचे दोन पिंजरे, प्रत्येकात पाण्याच्या बाटलीत खोचलेली गुलाबाची फांदी, मध्ये माझा माइक. टेबल बाहेरच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनला लागून. घरात टेबल एकच. बाबांचं जेवण त्यावर, आईचं कापड बेतणं त्यावर, माझी सगळी शाळा आणि कॉलेज त्यावर. आता हे दोघं.

प्रश्न एवढाच आहे — तो गातो, त्यावर ती काही म्हणते का? काही जातींत मादी पंखांनी बारीकसं 'टिच्' करते. या जातीचं कुणी नीट पाहिलेलं नाही. मॅडम म्हणतात, "नाही म्हणत तर नाही म्हणत. तसं लिही. 'नाही' हेही उत्तरच आहे."

पण 'आहे' एकदा दिसलं की पुरतं. 'नाही' किती वेळा दिसलं म्हणजे पुरे?

११ ऑगस्ट

आई एका फर्निचरवाल्यासाठी सोफ्याच्या गाद्यांची कव्हरं शिवते, त्यामुळे घरात फोमच्या तुकड्यांना तोटा नाही. आज लॅबमधून आले तर दोन्ही पिंजऱ्यांखाली एकेक जाड तुकडा.

"माझं मशीन धडधडतं. त्यात ह्यांना हाक मारायची म्हणून मी टेबलावर थापा घालते. बिचाऱ्यांना दिवसभर भूकंप," आई म्हणाली.

'ह्यांना' म्हणजे बाबांना. बाबांनी उभं आयुष्य पत्र्याचे डबे दाबायच्या यंत्रावर काढलं. कानांतून बारीक आवाज आधी गेले. पाखरं, दारावरची घंटा, मग माझं बोलणं. आता ढोबळ तेवढं उरलंय — ट्रक, ढग, आपटलेलं दार. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते खणात पडून आहे. "त्यात भांडी ओरडतात आणि माणसं पुटपुटतात," असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमच्याकडे तोंडानं कुणी हाक मारत नाही. टेबलावर दोन थापा, नाहीतर जमिनीवर टाच. बाबा मान वर करतात. मग समोर उभं राहून सावकाश बोलायचं.

फोम झकास निघाला! हेडफोन लावले तर खडखड नाही, गुरगुर नाही, एकटा गवई, धुतल्यासारखा स्वच्छ. आईचा गालगुच्चा घेतला. "चल, लाडात येऊ नकोस," म्हणाली, पण खूश होती. "माझ्या चिंध्यांनाही डिग्री मिळाली म्हणायची."

१४ ऑगस्ट

नाही. दोनदा पडताळलं. माइक बदलून पाहिला. नाही.

१७ ऑगस्ट

मॅडमचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन काच ओढून घेतली, मगच बोलले. आई अर्धं वाक्य ऐकते आणि त्यावर दुमजली घर बांधते. आत बाबा पेपर उघडून बसले होते, त्यांची काही काळजी नव्हती.

जंगलातल्या केंद्रावर एक जागा आहे. वर्षभराची. तिथं झुडपांतल्या नाकतोड्यांच्या इतक्या जाती आहेत की अजून निम्म्यांची गाणीही कुणी टिपलेली नाहीत. मॅडमनी माझं नाव सुचवलंय. "हा अहवाल सप्टेंबरात हातावेगळा कर. जागा तुझी."

मी "हो मॅडम, जंगलात, एक वर्ष, हो, घरी विचारते" असं काहीतरी म्हटलं आणि काचेत स्वतःकडेच बघत राहिले.

घरी विचारलं नाही.

काय विचारू? बाबा चौथी शिकले, आई तेवढीही नाही. पेपरातले मोठे मथळे बाबा बोट ठेवून वाचतात. फोनवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसतात, आणि फोन कानाला लावून उपयोग नाही. समोर उभं राहून बोलणारं माणूस मी. आई बोलते, पण तिची मान मशीनवर. दुकानात, दवाखान्यात, बँकेत बाबांचे कान मीच. कान वर्षभर जंगलात गेले तर बाकीच्या माणसानं काय करायचं?

२० ऑगस्ट

आज बाबांनी आपणहून विचारलं! किती दिवसांनी. फांद्यांचं पाणी बदलायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. ते करता करता म्हणाले, "गातो गातो म्हणता तुम्ही, पण ह्याचं तोंड तर हलत नाही."

मी आईचा कंगवा आणला. त्याच्या दात्यांवरून नख ओढलं. "एका पंखाच्या खाली अशी दात्यांची रांग असते, बाबा. दुसऱ्या पंखाची कड तिच्यावरून घासते."

त्यांनी कंगवा हातात घेतला, अंगठा फिरवला. "कानशीसारखं."

"अगदी कानशीसारखं."

"आणि ऐकतात कशानं?"

"पुढच्या पायांनी. गुडघ्याच्या खाली कान असतात त्यांना."

बाबांनी लेंगा वर करून स्वतःचा गुडघा नीट न्याहाळला. "माझेही तिथंच उतरले असतील. शोधत होतो केव्हापासून."

आई मशीनवर डोकं टेकून हसली.

मग मला हुरूप आला. गवयाचं गाणं खूप सावकाश केलं की त्याचा सूर खाली येतो, ढोबळ होतो. तसं करून स्पीकर बाबांच्या हातात दिला. घर्रर्र — घर्रर्र. बाबांचा चेहरा उजळला! त्यांना आलं ऐकू! डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"हा त्याचा आवाज?"

"त्याचाच. फक्त मी सावकाश केलाय."

"म्हणजे तू केलेला," बाबा म्हणाले आणि स्पीकर हळूच टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे बघून घाईनं, "चांगला आहे गं. फार चांगला आहे."

मला रडूच आलं. मी विचारलं, बाबा, हल्ली तुम्ही बोलत का नाही? काही विचारत का नाही?

त्यांनी कंगव्यावरून अंगठा फिरवला. "विचारलं की उत्तर येतं, तेही मान वळवून. ते कळत नाही. मग 'काय म्हणालीस' म्हणायचं. दुसऱ्यांदाही कळलं नाही तर तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा सांगताना माणसाचं तोंड कसं होतं, ते मात्र मला स्पष्ट ऐकू येतं."

आईनं मशीन थांबवलं नाही. पण ती उगाच मागच्याच शिवणीवरून परत गेली.

२६ ऑगस्ट

बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मी चिठ्ठी घेऊन औषधांच्या खिडकीशी गेले, तिथं रांग. परत आले तर बाकावर बाबा एकटेच, हात मांडीवर. बाकी सगळे गेलेले. कंपाउंडर म्हणाला, "आजोबांचं नाव घसा फोडून घेतलं हो. मी विचारलं, तुमचंच का, तर 'हो हो, बसा' म्हणाले."

येताना रस्त्यात बाबा म्हणाले, "बरा होता तो पोरगा. जागा आहे का म्हणत होता."

मॅडमना काय सांगू?

२ सप्टेंबर

नाही.

आणि मी अजून लिहितही नाही. कधी म्हणते फांदी जुनी झाली, नवी लावून पाहू. कधी म्हणते राणीसाहेब अजून वयात आल्या नसतील. (आल्यात. मी स्वतः पाहिलंय.) आई मला शंकासुर म्हणते ते काही खोटं नाही. पण आज पाटी पुसल्यासारखं स्वच्छ दिसलं — ही सगळीच शंका नाही. अहवाल झाला की जावं लागेल. मी वेळ काढतेय. पिंजऱ्यातल्या मुक्या जिवावर घालून.

हे चांगलं नाही. काम खरं करायचं असेल तर खरं करायचं.

८ सप्टेंबर

मॅडमनी लॅबमध्ये विचारलं, "तुझ्या राणीसाहेब काय म्हणतात?" मी म्हटलं, "काही म्हणत नाहीत."

"मग तू तरी म्हण."

१० सप्टेंबर

लिहिलं. "या जातीची मादी नराच्या गाण्याला प्रतिसाद देत नाही." चार वेळा वाचलं. 'देत नाही' खोडून 'देताना आढळली नाही' केलं. जरा बरं वाटलं. उद्या नाही, परवा पाठवीन.

११ सप्टेंबर

नीट क्रमानं लिहिते.

संध्याकाळी आई म्हणाली, "दोन उशांना फोम कमी पडतोय, फर्निचरवाला दारात येऊन बसेल. तुझ्या पोरांच्या खालचे घेऊ? उद्या दुसरे देते." म्हटलं, घे, माझं काम संपलंच आहे. तिनं तुकडे काढून घेतले आणि दोन्ही पिंजरे तसेच टेबलावर ठेवले. पातळ प्लायवूडचं टेबल. आई आत गेली, मशीन बंद होतं.

बाबा राणीसाहेबांच्या पिंजऱ्यात हात घालून वाळलेली पानं खुडत होते. फांदी चिमटीत धरलेली. गवयाचा पिंजरा त्यांच्या पाठीमागे. गवई गायला लागला. मी सवयीनं ऐकत होते.

बाबा म्हणाले, "ही आजारी आहे का गं?"

मी समोर गेले. "का?"

"थरथरते आहे. फांदीत लागतंय बोटांना. खिशात फोन थरथरतो ना, तशी. पण फार नाजूक."

मी पाहिलं तर राणीसाहेब शांत. गवयानं एक फेरी म्हटली, थांबला.

"आता," बाबा म्हणाले.

गवई पुन्हा गायला, थांबला.

"आता."

बाबांना गवई ऐकूच येत नाही! तो गातोय की गप्प आहे, त्यांना पत्ता नाही. त्यांची पाठ त्याच्याकडे. तो मध्येच दमून थांबला तेव्हा मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. बाबाही थांबले. "थांबली बहुतेक. बरं वाटलं असेल." मग गवई परत गायला, आणि त्याच्या मागोमाग, माझ्या बाबांच्या तोंडून — "आता."

मी फांदीला बोट लावलं. आधी काही नाही. मग लागलं. इतकं बारीक की आपलीच नाडी वाटावी. राणीसाहेबांचं अंग किंचित हलायचं, पान हलावं तेवढं. मी ते पानच समजत होते.

समोर उभी राहून म्हटलं, "बाबा, आजारी नाही. तो गातो. त्याला ती उत्तर देते."

"कुणाला? ह्याला?" बाबा पहिल्यांदा मागे वळले. मग माझ्याकडे. "आणि ते मला कळलं?"

१२ सप्टेंबर

उठल्याबरोबर शंका. बाबांचाच हात कापत असेल तर? हव्या त्या ठिकाणी हवं ते वाटलं असेल तर? लॅबमधून कंपनं टिपणारी टिकली आणली, वाद्यांना चिकटवतात तसली. संध्याकाळी राणीसाहेबांच्या फांदीला लावली.

आहे! गवयाची फेरी संपते आणि मग पडद्यावर एक छोटी टेकडी उमटते. दर फेरीनंतर.

फोम परत घातला. काहीच नाही, सपाट. काढला. आहे. घातला. नाही.

म्हणजे असं — गवई गातो तेव्हा त्याचं अख्खं अंग हलतं. ते हलणं फांदीतून, बाटलीतून, टेबलातून तिच्या फांदीपर्यंत जातं. कानांनी ऐकू आलं आणि पायांनाही लागलं, तरच तिची खात्री पटते, आणि मग तीही अंग हलवून कळवते. आवाज न करता, म्हणून फोमच्या आधीही माझ्या माइकला ते कधी कळलं नाही. आम्ही खाली फोम घातला आणि निम्मं गाणं कापून टाकलं.

आईला सांगितलं तर ती खुर्चीतच बसली. "म्हणजे मी राणीसाहेबांच्या तोंडावर उशी दाबून धरली होती?"

"मीच झकास म्हटलं होतं ना."

"तुझे एवढे दिवस गेले."

"आई, ज्या घरात बाबांना टेबलातून हाक मारतात, त्या घरात राहून मला हे सुचू नये! चूक तुझी नाही."

"ते खरं," आई म्हणाली. जरा वेळानं, "पण तुझीही कशी? टेबल आपण फक्त ह्यांच्यासाठी वाजवतो. किड्यांचं कुणाच्या डोक्यात येणार?"

बाबांनी तिला मध्येच थांबवून तोंड इकडे कर म्हणून खूण केली. आईनं मान वर करून सगळं पहिल्यापासून सांगितलं. पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.

१४ सप्टेंबर

मॅडम टेकड्या बघून उठून उभ्या राहिल्या. मग बसल्या. मग त्यांचा नेहमीचा आवाज — "पहिल्यांदा कुणी टिपलं?"

मी चाचरत सांगितलं, माझ्या बाबांनी. आणि म्हणजे, त्यांना ऐकू येत नाही.

"साक्षीदार बहिरा? मग तर लाखात एक. ऐकू येणाऱ्याच्या बोटांवर मी विश्वास ठेवला नसता." आभाराच्या ओळीत त्यांचं नाव घालायला सांगितलंय.

'नाही'चा कागद फाडला. तुकडेही फाडले.

१९ सप्टेंबर

अहवाल पोचला. जागा पक्की. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हजर व्हायचं. मी मॅडमना दोन दिवस मागितले. घरी कसं बोलायचं याची रस्ताभर उजळणी केली. शेवटी ठरवलं की बोलायचंच नाही, मॅडमना नाही म्हणून कळवायचं. छातीवरचा दगड उतरला असं वाटलं, आणि लगेच दुसरा चढला.

जेवताना बाबांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "कधी जायचंय?"

आई म्हणाली, "कुठं?"

"जंगलात. वर्षभर," बाबा म्हणाले. "ती बाई केव्हाची विचारतेय."

माझा घास तोंडातच.

"तू काच लावून घेतलीस ती हिच्यासाठी. मला काचेचं काय? डब्यांच्या प्रेसवर जन्मभर सगळे तोंडं बघूनच बोलायचो आम्ही. तू तर तोंड माझ्याकडेच करून उभी होतीस."

समोर उभं राहिल्याशिवाय त्यांना कळत नाही, हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. कळायला त्यांना काच चालते, लांबून चालतं. तोंड दिसलं पाहिजे, बस.

आईनं दोन्ही हात कपाळाला लावले. "धन्य आहे. घरात धडधाकट कान माझे एकटीचे, आणि बातमी सगळ्यात शेवटी मला!"

मी बाबांना विचारलं, एवढे दिवस का बोलला नाहीत.

"तू सांगशील म्हणून थांबलो. तर तू न जाण्याची कारणं शोधायला लागलीस. कधी माइक, कधी फांदी. खरं कारण मीच ना?"

मी काहीच बोलले नाही. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"ऐकलं," ते म्हणाले.

२१ सप्टेंबर

भांडण. आमच्यात भांडण म्हणजे तीन माणसं एका टेबलाभोवती एकमेकांसमोर येऊन सावकाश बोलतात. रागावता रागावता हसू येतं.

माझं म्हणणं, दवाखान्यात कोण नेणार? आई म्हणाली, "मी. मशीन काय पळून जातंय? आणि आता मान वर करून बोलायला शिकलेय मी, पाहिलं नाहीस?" खणातलं यंत्र? बाबा म्हणाले, "काढतो. ओरडू देत भांडी. बाहेर जाताना घालतो."

मग मी म्हटलं, मी तिथं कशी आहे ते तुम्हाला कळणार कसं? रोज आईला फोन करीन, ती तुम्हाला सांगेल.

बाबांनी मान हलवली. "हिचं सांगणं म्हणजे त्या स्पीकरसारखं झालं. तुझं सावकाश केलेलं. तुझं तू पाठव."

"बाबा, तुम्हाला ऐकू —"

त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला. टेबलावर नाही ठेवला. तळहातावर ठेवला. "हा थरथरतो तेवढं मला कळतं. संध्याकाळी दोनदा थरथरव आणि कापून टाक. मी समजेन, पोरगी बरी आहे. मी उलट दोनदा. म्हणजे आम्ही बरे."

"एवढंच?"

"त्या दोघांचं किती होतं?"

२४ सप्टेंबर

तालीम. मी गॅलरीत, बाबा आत. माझ्या दोन रिंगा गेल्या. काही येईना. आत जाऊन पाहते तर बाबा फोनचं बटण यंत्राच्या खटक्यासारखं सगळ्या ताकदीनं दाबून धरून बसलेले आणि आई ओरडतेय, "अहो, डबा नाहीये तो, हळू!" त्यांना ऐकू जात नव्हतं ते बरंच होतं.

चौथ्या खेपेला जमलं. माझ्या हातात फोन थरथरला, एकदा, मग एकदा. काचेपलीकडे बाबा शाळेत पहिला नंबर आल्यासारखे.

३ ऑक्टोबर

गवई आणि राणीसाहेब जिथून आणले होते त्या कुंपणाशी सोडायला गेलो. तिघंही. दोघांना एकाच फांदीवर ठेवायचं असं बाबांचं म्हणणं. आई म्हणाली, "आता त्यांचं ते बघतील. आपण इथं उभं राहणं बरं दिसत नाही." पण तिलाच निघवेना. परत येताना मागून गाणं ऐकू आलं. कुणाचं कोण जाणे, कुंपण भरलेलं आहे त्यांनी. मी बाबांचा दंड धरला. त्यांनी विचारलं, "गातोय?" मी मान हलवली.

"आता," बाबा म्हणाले. असंच, अंदाजानं.

६ ऑक्टोबर

पोचले. खोलीत एक पलंग, एक दिवा, आणि बाहेर एवढा कल्लोळ की कोणाचं गाणं कुठलं ते कळेना. भीती वाटली. चुकीचं माणूस निवडलंय यांनी, असं बसमध्येच वाटायला लागलं होतं. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढलं की रेंज येते. चढले. दोन पाठवल्या आणि शिडीला घट्ट धरून राहिले.

आल्या. दोन.

९ ऑक्टोबर

रोज येतात. आईचा वेगळा फोन, त्यात बाजारभाव, शेजारीण आणि दवाखाना. बाबांनी यंत्र घातलं होतं, कंपाउंडरला म्हणाले, "ओरडू नकोस, भांडं आहेस का?"

दोन. म्हणजे बरे आहेत. यापेक्षा जास्त मागणं बरं नाही. तरी शिडीवरून उतरताना वाटतंच.

१४ ऑक्टोबर

माझ्या दोन गेल्या, बाबांच्या दोन आल्या. फोन खिशात ठेवून उतरायला लागले तेवढ्यात तिसरी. तिसरी ठरलेली नव्हती. तिथूनच आईला फोन लावला — काय झालं? बाबा बरे आहेत ना?

"अगं, समोर बसलेत. हसतायत," आई म्हणाली. "मीही तेच विचारलं, तिसरी कशाला? म्हणाले, आज अजून थोडं बोलावंसं वाटलं."